उघाडी कोणी सांभाळायची?

भिवंडीजवळचे शेलार कामवारी नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे खाडीला मिळते. म्हणून खालच्या भागातले पुराचे पाणी किती लवकर ओसरेल, हे पावसाइतकेच भरती-ओहोटीवरही ठरते.

ठाणे-रायगडच्या खारजमिनी या पूर्वीच्या खाजणांतून घडवलेल्या. खाडीकडेला मातीचा बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि पावसाचे पाणी सोडण्यासाठी बांधात ‘उघाडी’ ठेवायची, ही त्यांची रचना. उघाडीची झडप वरून बिजागरीने टांगलेली असते आणि फक्त खाडीकडे उघडते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते; भरतीला खाडीचेच पाणी तिला दाबून बंद करते.

आता थोडे गणित करू. समजा, १०० हेक्टर शेतीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे १ लाख घनमीटर पाणी झाले. झडप दिवसातून दोनदा सहा-सहा तास उघडी राहिली, तर दर सेकंदाला सुमारे २.३ घनमीटर पाणी बाहेर जायला हवे. बाहेरच्या नाल्यात गाळ साचला, की तिथली पाणीपातळी लवकर खाली जात नाही. त्यामुळे झडप तीन-तीन तासच उघडू लागली, तर प्रवाह दुप्पट लागेल. तो मिळत नाही, आणि भात पाण्याखाली कुजते.

बांधाचेही तसेच. खेकड्यांच्या आणि उंदरांच्या बिळांतून पाणी झिरपू लागते आणि एखाद्या उधाणात तिथेच खांड पडते. शेतात शिरलेले मीठ उन्हाळ्यात केशाकर्षणाने वर येते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’सारखे क्षारसहनशील भाताचे वाण दिले; पण त्यांच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे.

मग डागडुजी कोणी करायची? जुन्या शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध राखण्याच्या मोबदल्यात शेतकऱ्यांकडून भात घेतले जाई. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला, आणि बांध शासकीय योजनांचा विषय झाला. पण बांध एकाचा नसतो. एकाने बीळ बुजवले नाही, तर खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते. नेदरलँड्समध्ये यासाठी निवडून दिलेली, स्वतःचा कर घेणारी पाणी मंडळे आहेत.

वादाला आणखी दोन बाजू आहेत. खांड बुजवली नाही, तर शेतात खारफुटी वाढते. खारफुटी लाटा थोपवते आणि माशांच्या पिल्लांना आसरा देते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिच्या तोडीवर बंदी घातली, ती याच मोलासाठी. पण ज्याचे शेत गेले, त्याने काय करावे? दुसरी बाजू भरावाची. भिवंडी परिसरात शेतांवर भराव घालून गोदामे उभी राहिली. भरावाने पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या शेतात जाते.

पावसाळ्यात आपल्या गावच्या नाल्यावर विद्यार्थ्यांना न्यावे. भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची पातळी आठवडाभर टिपायला सांगावे. या नोंदी हाती असल्या, तर ग्रामसभेत डागडुजीची मागणी नेमक्या आकड्यांनिशी मांडता येईल.