नाव टाका, मगच अपलोड करा!

चित्र नेटवर टाकलं की ते ढापलं जाणारच, असं धरून चालायचं का? वॉटरमार्कचा फंडा नेमका काय आहे आणि तो कुठे कमी पडतो, त्याची ही खबरबात...

गणपती आठ दिवसांवर आले की माझ्या मोबाइलवर बाप्पांची लाइन लागते. ऑफिसचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावशीचा ग्रुप... मोदकाकडे तिरक्या नजरेने बघणारा तोच एक क्यूट बाप्पा चार ठिकाणांहून येतो. चारही चित्रांवर खाली नाव असतं बरं का. एकावर मंडळाचं, एकावर बिल्डरचं, एकावर निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या दादांचं, एकावर मिठाईच्या दुकानाचं. ज्याने कुणी तो बाप्पा काढला, त्याचं मात्र कुठेच नाही!

‘त्यात काय एवढं, फॉरवर्डच तर केलंय’ असं तुम्ही म्हणाल. पण जरा पलीकडून बघा. माझी एक मैत्रीण दिवसा आयटीत टेस्टिंग करते आणि रात्री जेवणं आटोपली की टॅबवर चित्रं काढत बसते. तिचा सगळा साइड बिझनेस एका साखळीवर चालतो. कुणीतरी चित्र बघतं, नाव वाचतं, शोधत येतं आणि ‘आमच्या लग्नाची पत्रिका कराल का?’ असं विचारतं. नाव उडालं की साखळी तुटली. तिने काढलेली नऊवारीतली स्कूटरवाली एका ऑनलाइन दुकानात टी-शर्टवर झळकली. चित्र गावभर फिरलं, तिला मात्र एक फोन आला नाही. तेव्हापासून बाईसाहेब वॉटरमार्कशिवाय काही टाकत नाहीत.

नोटेतले गांधीजी आणि ड्यूररची सही

खिशातली पाचशेची नोट उजेडात धरा. कोऱ्या भागात गांधीजी दिसतात ना? हा ओरिजिनल वॉटरमार्क. तेराव्या शतकात इटलीतल्या फॅब्रियानो गावच्या कागदवाल्यांनी ही शक्कल काढली. लगदा गाळायच्या चाळणीवर तारेचं चिन्ह बसवायचं. तिथे थर पातळ बसतो आणि कागद उजेडात धरला की चिन्ह उमटतं. माल कुणाकडचा, हे त्यावरून कळायचं.

चित्रांच्या दुनियेत नावाची किंमत जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररला पाचशे वर्षांपूर्वीच कळली. इटलीत मार्कान्तोनियो रायमोंदी नावाच्या पठ्ठ्याने त्याच्या ठशांच्या चित्रांच्या हुबेहूब नकला काढल्या. त्याही ‘ए’च्या दोन पायांमध्ये ‘डी’ या ड्यूररच्या सहीसकट! ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे तक्रार केली. वासारीने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे निकाल एवढाच लागला, की रायमोंदीने ड्यूररची सही वापरायची नाही. चित्राच्या नकलेला मनाई नाही, फक्त नावाला हात लावायचा नाही!

आपल्याकडेही आजोबांच्या कपाटातले जुने दिवाळी अंक काढून बघा. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात ‘दलाल’ किंवा ‘मुळगावकर’ अशी सही सापडेल. छापलेल्या अंकावरची सही काढायची तर कात्री हातात घ्यावी लागायची. आता क्रॉप करायला एक बोट पुरतं. म्हणून कोपऱ्यातली सही उठून चित्राच्या मध्यावर येऊन बसली, आणि तिलाच आपण आज वॉटरमार्क म्हणतो.

पुसता येतो का? येतो, बॉस!

उगाच गैरसमज नको. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक पेपर मांडला. एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल, तर कॉम्प्युटर ते सगळे फोटो ताडून बघतो, नेमकं चिन्ह ओळखतो आणि ते वजा करतो. खालचा फोटो जवळपास स्वच्छ बाहेर! चिन्हाची जागा बदलून किंवा ते फिकं-गडद करून फारसा फरक पडत नाही. प्रत्येक फोटोवर चिन्ह किंचित वेडंवाकडं केलं तर मात्र पुसल्याच्या खुणा मागे राहतात. आणि आता तर मोबाइलमधल्या इरेझरनेही कोपऱ्यातलं नाव सेकंदात गायब होतं.

मग कशाला हा खटाटोप? कारण बहुतेक लोक चोर नसतात, आळशी असतात. चित्र जसं आलं तसं पुढे ढकलतात, आणि त्यावर नाव असेल तर नावही फुकटात फिरतं. दुसरं कारण क्लायंटचं. लग्नाचा फोटोग्राफर आधी नवरीच्या फोटोवर स्टुडिओचं नाव छापून फोटो पाठवतो आणि उरलेले पैसे मिळाले की स्वच्छ फाइल देतो, तसंच हे. ‘तीन सॅम्पल पाठवा, आम्ही कळवतो’ म्हणणारे अनेकदा कळवत नाहीत, पण सॅम्पल वापरतात. मैत्रिणीचा नियम साधा आहे. पेमेंट क्लिअर, तर वॉटरमार्क क्लिअर!

कायदा काय म्हणतो?

तिसरं कारण कायद्याचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. ऑफिसवाल्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेलं डिझाइन कंपनीचं असतं. रविवारी स्वतःसाठी काढलेलं मांजर तुमचं!

२०१२ मध्ये या कायद्यात ६५-बी कलम आलं. चित्र कुणाचं, हक्क कुणाचे ही त्यासोबतची माहिती परवानगीशिवाय, जाणूनबुजून काढून टाकली तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे नाव पुसणाऱ्याला ‘मला काय माहीत चित्र कुणाचं’ असं म्हणायची सोय राहत नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केलंय’ म्हणायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले, वर ५ लाखांची भरपाईही दिली. आणि हे कुणाविरुद्ध? थेट केंद्र सरकारविरुद्ध!

एआयनेही उचललं नाव

गेटी इमेजेसने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय या कंपनीला कोर्टात खेचलं. या कंपनीच्या मॉडेलने बनवलेल्या काही चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क चक्क फिसकटलेल्या अक्षरांत उमटत होता. म्हणजे नक्कल करताना सहीपण कॉपी! नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला. कॉपीराइटचा दावा टिकला नाही. पण जुन्या मॉडेलच्या चित्रांत उमटलेल्या वॉटरमार्कमुळे ट्रेडमार्कचा भंग झाला, हे मर्यादित प्रमाणात मान्य झालं. व्हेनिसनंतर पाचशे वर्षांनी पुन्हा तेच. चित्राचं भांडण हरलं आणि नावाचं थोडंफार जिंकलं. म्हणूनच मी म्हणते, वॉटरमार्ककडून कुलपाची अपेक्षा ठेवू नका. दारावर नावाची पाटी लावतो, तितक्याच सहजपणे तो लावा.

तर मंडळी, करायचं काय?

• नाव कोपऱ्यात नको. चेहऱ्यावरून, पदरावरून, जिथे कापलं तर चित्रच बिघडेल अशा जागेवरून जाऊ द्या. फिकं चालेल, पण वाचता आलं पाहिजे.

• दरवेळी तोच स्टॅम्प चिकटवू नका. हाताने नव्याने लिहा. अक्षर थोडं वेगळं येतं, तेच फायद्याचं.

• नेटवर छोटी फाइल टाका. हजारेक पिक्सेलची फाइल मोबाइलवर छान दिसते, पण टी-शर्टवर मोठी छापली की फाटते.

• लेअरवाली मूळ फाइल आणि कच्ची स्केचेस तारखेसकट जपून ठेवा. भांडण झालं तर पुरावा म्हणून हेच कामी येतात.

• एआयने तुमची स्टाइल उचलू नये म्हणून शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘ग्लेझ’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणलं. ते चित्रात डोळ्यांना जेमतेम जाणवतील असे बदल करून मॉडेलला चकवायचा प्रयत्न करतं. शंभर टक्के गॅरंटी नाही, पण करून बघायला हरकत नाही.

आणि तुमच्या-माझ्यासारख्या फॉरवर्डवाल्यांसाठी एकच टीप. स्टेटसला चित्र बसत नाही म्हणून नाव कापलंत, तर खाली ते टाइप करा. पाच सेकंद लागतात. चित्र फारच आवडलं तर त्या नावाला शोधा आणि प्रिंट विकतच घ्या की राव! वीकेंडच्या पिझ्झाच्या बिलात एखादी छोटी प्रिंट आरामात येते.