पेशीच्या वेशीवरचा पंप

माणसाच्या पेशीभोवतीचे पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाडीचे, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते. ऑक्सिजन त्यातून सहज पार होतो. सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज यांना मात्र प्रथिनांचे दरवाजे लागतात.

त्यांतला सर्वांत कष्टाळू म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तो 3 सोडियम आयन बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांचा त्यावरचा शोधनिबंध 1957 सालचा.

जुलाबात घरोघरी दिले जाणारे मीठ-साखरेचे पाणी याच पंपाच्या जिवावर काम करते. पंपामुळे आतड्याच्या पेशीत सोडियम कमी राहतो. म्हणून बाहेरचा सोडियम ग्लुकोजला सोबत घेऊन आत शिरतो आणि पाणी त्यांच्यामागे जाते. पटकीतही ही वाट शाबूत राहते, ही केवढी मोलाची गोष्ट! 1971 मध्ये बांगलादेश युद्धामुळे पश्चिम बंगालमधील बनगावला आलेल्या निर्वासितांना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच पाण्याने वाचवले.

साखर अती झाली तर मात्र पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. धारवाडी पेढा टिकतो त्यातही साखरेच्या या ओढीचा हात आहे: जंतूंच्या पेशींतले पाणी ती बाहेर खेचते.