हिरवळीचा जीर्णोद्धार

नागपूरच्या सिव्हिल लाईन्स भागांतील जुन्या बंगल्यांभोंवतीं अद्यापिही प्रशस्त आवारें आढळतात. श्रावणांत त्यांतील हिरवाई रस्त्यानें जाणाऱ्याच्या डोळ्यांना सुखविते. परंतु कित्येक ठिकाणीं फाटक उघडून आंत जावें, तों निराळेंच दृश्य दिसतें. ज्या हिरवळीवर पूर्वीं सायंकाळीं खुर्च्या मांडल्या जात आणि मुलें लोळत, तेथें लव्हाळा, केना, तरोटा व गाजरगवत यांनीं आपलें बस्तान बसविलेलें असतें. अंगाला खाज सुटते म्हणून मुलें तिकडे फिरकत नाहींत, आणि मोठी माणसें ओसरीवरूनच त्या रानाकडे पाहत बसतात.

घरधनी दर पावसाळ्यांत माळ्याकडून खुरपणी करवून घेतो. पंधरा दिवसांत तण पुन्हां पूर्ववत् उभें राहतें. यांत दोष माळ्याच्या हाताचा नसून ऋतूच्या निवडीचा आहे. नागपुरांत हिरवळीचें काम वैशाखांतील उन्हांत सुरू करावयाचें असतें. ही वेळ चुकली, कीं एक संपूर्ण वर्ष वायां जातें.

असें कां, हें समजण्यासाठीं लव्हाळ्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. आयुर्वेदांतील मुस्ता ती हीच वनस्पति. हिच्या गांठी जमिनीखालीं साखळीसारख्या एकमेकींस जोडलेल्या असतात. साखळी अखंड आहे तोंवर त्यांतील पुष्कळशा गांठी निद्रिस्त राहतात. परंतु कुदळीनें ती तुटली, कीं सुटी झालेली गांठ स्वतंत्र कोंब काढूं लागते. म्हणून पावसांत ओल्या मातींत केलेली खणणी म्हणजे लव्हाळ्याची लागवडच होय. तथापि या गांठीचें एक मर्म आहे. ती उन्हांत पुरती सुकली, कीं मरते. मे महिन्यांत ४५ अंशांपर्यंत चढणारा नागपूरचा पारा माणसाला असह्य होतो खरा, पण बागवानाला त्याच्यासारखा सहायक नाहीं.

काळी जमीन उन्हाळ्यांत विटेसारखी टणक होते. यास्तव एप्रिलमध्यें तिला एकदां भरपूर पाणी द्यावें आणि वाफसा येतांच सुमारे २० ते २५ सेंटिमीटर खोल खणावें. त्यानंतर मात्र पाण्याचा थेंबही घालूं नये. आठ-आठ दिवसांनीं ढेंकळें उलथीपालथी करून ऊन दाखवावें, आणि वर आलेल्या गांठी व मुळ्या दंताळ्यानें ओढून वेंचून काढाव्या. तणनाशक औषधाचा मार्ग सोपा वाटतो. परंतु पानांवाटे शोषलें जाणारें औषध झोपलेल्या गांठींपर्यंत पुरतें पोंचत नाहीं, म्हणून एका फवारणीनें लव्हाळा जात नाहीं.

गाजरगवताची गोष्ट वेगळी आहे. १९५६ सालीं पुण्याहून नोंदलें गेलेलें हें परदेशी तण आज देशभर पसरलें आहे. त्याच्या संसर्गानें कित्येकांच्या त्वचेला व श्वासाला विकार जडतो. तें वाढतें केवळ बियांवर, आणि एकेक झाड हजारों बिया सोडतें. म्हणून हातांत मोजे घालून, फूल येण्यापूर्वींच, तें मुळासकट उपटावें. जमिनींत पडून असलेल्या बियांसाठीं लहान वाफ्यांत आणखी एक उपाय करतां येतो. माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवावें. आंतील उष्णतेनें बऱ्याच बिया मरतात. इस्रायलमधील कटान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं ही रीत प्रसिद्ध केली. लव्हाळ्याच्या खोल गांठींवर मात्र ती पुरी पडत नाहीं.

जूनच्या आरंभीं जमीन सपाट करावी आणि घरापासून बाहेरच्या बाजूस, शंभर फुटांस एक फूट, असा उतार द्यावा. पाणी तुंबलें, कीं दूर्वा कुजतात आणि लव्हाळा माजतो. दर चौरस मीटरास सुमारे पांच किलो शेणखत मिसळावें. परंतु तें पूर्ण कुजलेलें असावें. अर्धवट कुजलेल्या खतांतून तणांचें बीं विकत घेतल्यासारखें होतें.

जूनच्या मध्यास पाऊस येतो आणि येथेंच धीराची परीक्षा होते. शेजारच्या बागेंत लागवड सुरू झालेली असते. पण घरधन्यानें दोन-तीन आठवडे थांबलें पाहिजे. उरलेल्या बिया या अवधींत उगवून येतील. त्या कोंवळ्या रोपांस वरच्यावर खरडून टाकावें. खोल खणून नव्या बिया वर आणूं नयेत. चुकून राहिलेला लव्हाळा गांठीसह उचलावा.

जुलैच्या मध्यास दूर्वा लावाव्या. या दूर्वेचें एक आश्चर्य आहे. होम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ सालीं जगांतील सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पहिला क्रमांक लव्हाळ्याचा असून दुसरा हरळीचा, म्हणजे दूर्वेचा, आहे! शेतकऱ्याला जी नकोशी, तीच हिरवळीला सर्वांत हितकर. कारण तुडविली, कापली, वाळली तरी ती पुन्हां फुटते. दूर्वा स्वच्छ वाफ्यांतून आणाव्या व मुळें धुऊन घ्यावीं. नाहीं तर मातीबरोबर लव्हाळ्याची गांठ परत घरांत यावयाची. दोन-तीन पेरांचे तुकडे १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर खोंचावे, आणि माती घट्ट बसण्यापुरता हलका रूळ फिरवावा. वर्षाकाठीं सुमारे ११०० मिलिमीटर पडणारा येथला पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर याच काळांत येत असल्यानें पुढील सिंचन पुष्कळसें निसर्गच करतो. गवत पांच-सहा सेंटिमीटर वाढलें, कीं कापावें. मात्र एका वेळीं तिसऱ्या हिश्शापेक्षां अधिक उतरवूं नये.

निंब, आंबा यांच्या दाट सावलींत दूर्वा टिकत नाहींत. तेथें हट्ट न धरतां पार बांधावा किंवा सावलींत वाढणारीं झाडें लावावीं. तसेंच उन्हाळ्यांत हिरवळ पिंवळी पडली, म्हणजे ती मेली असें समजूं नये. मुळें जमिनींत जिवंत असतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हां पालवतात. शहरांत घागरभर पाण्यासाठीं धांवपळ होत असतां, तिच्यावर रोज पिण्याचें पाणी ओतण्याचें कारण नाहीं.

वैशाखांत जो घाम गाळतो आणि ज्येष्ठांत जो थांबतो, त्याच्या आवारांत भाद्रपदाच्या सुमारास मुलें पुन्हां खेळूं लागतात. गणेशचतुर्थीच्या सकाळीं पूजेच्या एकवीस दूर्वांच्या जुडीसाठीं त्या घराला बाजारांत जावें लागत नाहीं.