सिंधुदुर्गाचे आरमार आणि राज्यसत्तेचा आर्थिक पाया

राज्यांचा उदयास्त बखरकारांनी पराक्रमाने व दैवाने उलगडला. मार्क्सवादी इतिहासमीमांसा प्रथम निराळाच प्रश्न विचारते : श्रमातून निर्माण होणारे वरकड उत्पन्न कोणाच्या हाती जाते व ते कशावर खर्ची पडते? शस्त्रबळ अंती उत्पादनव्यवस्थेवर अवलंबून असते, हे एंगल्सने ‘अँटी-ड्यूरिंग’ (१८७८) या ग्रंथात युद्धनौकेच्याच उदाहरणाने मांडले आहे. मालवणचा इतिहास या सिद्धान्ताच्या परीक्षेस विशेष उपयोगी आहे.

मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ मध्ये सुरू झाली. बारदेशातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू नये, म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदारास त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. दुर्ग, आरमार व जकात ही एकाच धोरणाची अंगे होती. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, असे बजावले आहे, कारण त्यायोगे सावकारांस उपद्रव होऊन व्यापारच मोडेल.

अठराव्या शतकात, करवीर राज्याच्या अमलाखाली, नेमके याच्या उलट घडले. व्यापारी जहाजे धरणे हे मालवणच्या आरमाराचे मोठे उपजीविकेचे साधन झाले. ज्या व्यापाराचे रक्षण करावयाचे, त्याच्याच लुटीवर आरमार पोसले जाऊ लागले, हा यातील अंतर्विरोध होय. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले व पुढील वर्षी द्रव्य घेऊन तो परत केला. त्याच १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळून कंपनीच्या व्यापारास विस्तीर्ण प्रदेशाच्या जमीनमहसुलाची जोड लाभली. अखेर १८१२ च्या तहान्वये मालवण कायमचे कंपनीकडे गेले.

तथापि अर्थकारणावरून प्रत्येक घटना सिद्ध होते, असे मानणे भ्रामक ठरेल. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला व विजयदुर्गासमोर मराठ्यांचे बलाढ्य आरमार भस्मसात झाले. हा निर्णय राजकीय वैराचा होता. आर्थिक घटक अंतिमतः निर्णायक असला तरी एकमेव नव्हे, असा इशारा एंगल्सनेच १८९० च्या एका पत्रात दिला आहे. उत्पादनव्यवस्था शक्यतांच्या मर्यादा आखते. त्या मर्यादांत माणसे निवड करतात. म्हणून सिंधुदुर्गाच्या अभ्यासकाने तटाच्या उंचीइतकेच आरमाराच्या जमाखर्चाकडेही लक्ष दिले पाहिजे.