गाण्यांची कणगी आणि रोजचा डबा



श्रावण जवळ आला की गटाच्या बैठकीत हप्त्याच्या हिशेबाबरोबर आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे स्पीकर. पंचमीला झिम्मा-फुगडी, पुढं गौरी-गणपती, संक्रांतीला हळदी-कुंकू, मध्येच ग्रामसंघाचा मेळावा. आता बऱ्याच गटांकडं बिनवायरचा, म्हणजे ब्लूटूथचा स्पीकर आला आहे. काही गटांनी तर गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या, पंचमीची आणि फेराची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून हार्डडिस्कमध्ये साठवली आहेत. मग प्रश्न येतो, ही हार्डडिस्क सरळ स्पीकरला जोडली तर वाजेल का?

उत्तर आधीच सांगते. बहुतेक वेळा वाजत नाही. आणि वाजली तरी त्या स्पीकरला ती जोडू नये. का, ते आज समजून घेऊ.

पहिलं कारण विजेचं. हार्डडिस्कच्या पोटात एक चकती असते आणि ती मिनिटाला हजारो वेळा फिरते. ती फिरवायला ताकद लागते. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून त्याला थोडी वीज पुरते. साध्या यूएसबी खाचेतून साधारण अर्धा अँपिअर वीज मिळते. चकती सुरू होताना हार्डडिस्कला त्याहून जास्त लागू शकते. मग ती नुसती टिकटिक करते, दिवा लुकलुकतो आणि आवाज काही येत नाही. शिवाय काही स्पीकरची यूएसबी खाच फक्त चार्जिंगसाठी असते. तिथं पेनड्राइव्हसुद्धा वाजणार नाही. स्पीकर घेतानाच दुकानात पेनड्राइव्ह लावून बघा.

दुसरं कारण मांडणीचं. प्रत्येक डिस्कमध्ये माल ठेवायची एक पद्धत असते. पेनड्राइव्हवर आणि छोट्या कार्डांवर बहुधा ‘फॅट३२’ नावाची पद्धत असते, आणि साध्या स्पीकरला बहुतेक तेवढीच वाचता येते. मोठ्या हार्डडिस्क ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धतीच्या येतात. आपल्याला मोडी वाचता येत नसली तर जुना कागद हातात असूनही कोराच. स्पीकरचं तसंच होतं. गाणी आत असतात, पण त्याला दिसत नाहीत.

तिसरं कारण फाइलीचं. साधा स्पीकर ‘एमपी३’ फाइल वाजवतो. मोबाइलच्या रेकॉर्डरवर केलेलं गाणं पुष्कळदा ‘एम४ए’ असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आवाज आणखी वेगळ्या प्रकारचा. नुसतं फाइलीचं नाव बदलून भागत नाही. डब्यावर साखर लिहिलं म्हणून मीठ गोड होतं का? फाइल खरोखर बदलावी लागते. कॉम्प्युटरवर ‘व्हीएलसी’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे काम होतं.

आता धोक्याची गोष्ट. हार्डडिस्क वाजत नाही म्हटल्यावर कोणीतरी पोरगा पुढं येतो आणि म्हणतो, “काकी, फॉरमॅट मारूया, लगेच चालंल.” फॉरमॅट म्हणजे काय? कणगी रिकामी करून नव्यानं सारवणं. आतलं सगळं जातं. कॉम्प्युटर तसं विचारतोही, पण इंग्रजीत विचारतो आणि आपण ‘ओके’ दाबून मोकळ्या होतो. हार्डडिस्क कॉम्प्युटरला लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं पडद्यावर आलं, तर ‘कॅन्सल’ दाबायचं आणि जाणत्या माणसाला विचारायचं. चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या डिस्कवर नवीन काहीही भरू नका. वर नवा माल पडला नसेल, तर जाणकाराला कधीकधी जुना परत काढता येतो.

बाजारातलं गाणं गेलं तर दुसरीकडं मिळेल. पण आपल्या आजीनं जात्यावर म्हटलेली ओवी कुठल्या दुकानात मिळणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. कार्यकर्त्या बायकांनी त्या ऐकून लिहून घेतल्या, आणि १९९० नंतर त्यातल्या काही ध्वनिमुद्रितही झाल्या. आज त्या ‘परी’ या संस्थेमार्फत जगाला वाचता-ऐकता येतात. घरोघरी पिठाच्या गिरणीचं दळण आलं आणि जातं कोपऱ्यात गेलं, पण त्यावरचं गाणं उरलं, कारण कोणीतरी ते जपून ठेवलं. आपल्या गटाची हार्डडिस्क लहान असेल, पण तिचं काम तेच आहे.

मग करायचं काय? धान्याची कणगी आपण चुलीजवळ नेत नाही. लागेल तेवढं काढून डब्यात भरतो. हार्डडिस्क ही कणगी आणि पेनड्राइव्ह हा रोजचा डबा.

१६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्याहून मोठा घेतला तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ‘फॅट३२’चा पर्याय बहुधा दिसत नाही. पेनड्राइव्ह नवा आणि रिकामा असेल तरच तो कॉम्प्युटरवर ‘फॅट३२’ करून घ्या. मग हार्डडिस्कमधून हवी ती गाणी एमपी३ करून त्यात कॉपी करा. ‘कॉपी’ म्हणायचं, ‘कट’ नाही. कट केलं तर कणगीतलं निघून जातं. साधारण एका मिनिटाच्या आवाजाला एक एमबी जागा लागते. म्हणजे १६ जीबीत पाच-पाच मिनिटांची तीन हजार गाणी मावतात. दिवसभर झिम्मा खेळला तरी संपायची नाहीत. नावापुढं ०१, ०२ असे आकडे घाला आणि त्याच क्रमानं कॉपी करा, म्हणजे आधी आरती आणि मग फुगडी असा क्रम बहुधा राहतो.

पेनड्राइव्ह चालत नसेल तर लॅपटॉपला हार्डडिस्क लावा आणि लॅपटॉप ब्लूटूथनं स्पीकरला जोडा. आवाज साधारण दहा मीटरपर्यंत नीट जातो, मध्ये जाड भिंत नसावी. ब्लूटूथ जमत नसेल तर साधी ऑक्स केबल लावा, तीही उत्तम.

हार्डडिस्क वापरताना स्पीकरवर ठेवू नका. तो थरथरतो, ते फिरत्या चकतीला बरं नाही. चालू असताना हलवू नका. काढताना कॉम्प्युटरवर ‘इजेक्ट’ म्हणा, मगच केबल ओढा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक प्रत म्हणजे शून्य प्रत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत शिरलं, ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. भांडी धुऊन घेता येतात. भिजलेल्या हार्डडिस्कमधली गाणी परत मिळतील याचा भरवसा नाही. म्हणून दोन प्रती करा. एक अध्यक्षताईंकडं आणि दुसरी उंचावरच्या वस्तीतल्या किंवा दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडं. दोन्ही प्रती एकाच घरात नकोत. आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून बघा.

पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत एक ओळ वाढवा: गटाची गाणी कुठं आहेत, प्रती किती, आणि कुणाकडं. बचतीचा हिशेब आपण जसा पैशापैशानं ठेवतो, तसाच या ठेव्याचाही ठेवूया.