परदेशी भिंग आणि सरकारी जकात

हौसेला मोल नसते असे म्हणतात. कस्टम खात्याने मात्र हे म्हणणे कधीच मान्य केलेले नाही. त्यांच्या लेखी हौसेला मोल असते, त्या मोलावर शुल्क असते, शुल्कावर अधिभार असतो आणि या साऱ्यांच्या बेरजेवर पुन्हा कर असतो. आपल्या महाविद्यालयात कॅमेऱ्याचा नाद असलेले विद्यार्थी बरेच आहेत. त्यांतले काही सुटीत लग्नामुंजीचे फोटो काढून फीचे पैसे उभे करतात. जपानच्या दुकानात वापरलेले भिंग स्वस्त मिळते हे त्यांना ठाऊक असते. ते हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत पोचेतो काय भावाने पडते, हे मात्र सहसा ठाऊक नसते. या विषयात डोके घालण्याची पाळी माझ्यावर माझ्या मामेभावामुळे आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

मामेभाऊ तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि पाली-रत्नागिरी पट्ट्यातली लग्ने करतो. त्याने एक जुने भिंग परदेशातून मागवले. किंमत भरली, पाठवणावळ भरली, आणि व्यवहार संपला असे समजून तो निर्धास्त झाला. आठ दिवसांनी कुरियर कंपनीचा निरोप आला : ओळखीची कागदपत्रे पाठवा, शुल्क भरा, आमची फी भरा, मग पार्सल सुटेल. लग्नसराई तोंडावर, दोन ठिकाणची आगाऊ रक्कम घेतलेली, आणि भिंग मुंबईच्या गोदामात. "तू कॉलेजात शिकतोस ना? मग हा कागद वाचून दाखव," असे म्हणून त्याने तो हिशेब माझ्यापुढे टाकला. इंग्रजीच्या तासाला मला इतका घाम कधी फुटला नव्हता.

तो कागद वाचण्याची किल्ली अशी. सरकार शुल्क लावते ते केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे. २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे वस्तूची किंमत, वाहतुकीचा खर्च आणि विमा या तिघांची बेरीज हे 'आकारणीयोग्य मूल्य'. विम्याचा आकडा कागदावर सापडला नाही तर किमतीच्या शेकडा १.१२५ इतका विमा धरला जातो. वाहतुकीचा आकडा सापडला नाही तर ती शेकडा २० धरतात. आणि माल विमानाने आला असेल तर प्रत्यक्षात कितीही भाडे पडले तरी शेकडा २० पेक्षा अधिक धरत नाहीत. परकी चलनाचे रुपये करायचे तेही बँकेच्या दराने नव्हे, तर कस्टमसाठी सरकार जो दर जाहीर करते त्या दराने.

आता एक उदाहरण घेऊ. भिंगाची किंमत २०,००० रुपये, वाहतूक २,००० आणि विमा नियमाप्रमाणे २२५. मूल्य झाले २२,२२५. मूळ सीमाशुल्क, समजण्याच्या सोयीसाठी, शेकडा १० धरू. ते २,२२२.५० रुपये. त्यावर समाजकल्याण अधिभार. हा २०१८ च्या अर्थसंकल्पात आला आणि तो मूल्यावर नसून शुल्काच्या शेकडा १० असतो. म्हणजे २२२.२५. आता या सगळ्यांची बेरीज २४,६६९.७५, आणि तिच्यावर शेकडा १८ एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे ४,४४०.५६. एकूण भरणा ६,८८५ रुपये. दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस, असा हिशेब आमच्या मामेभावाने मनाशी केला होता. पण करावर कर चढत गेल्यामुळे तो शेकडा ३०.९८ होतो. खरी मेख आहे ती इथे.

मूळ शुल्काचा दर मात्र सरसकट एकच नसतो. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात जगातल्या यच्चयावत वस्तूंची प्रकरणे पाडलेली आहेत, आणि आपल्याला जो एकच 'कॅमेरा' वाटतो त्याची तिथे पाच-सहा ठिकाणी फाटाफूट होते. डिजिटल कॅमेरा ८५ व्या प्रकरणात, बॅटरीही ८५ मध्येच पण निराळ्या शीर्षकाखाली. भिंग ९० मध्ये, फिल्मचा जुना कॅमेरा ९० मध्येच पण वेगळ्या ओळीत. तिपाई ९६ मध्ये, फिल्मचे रीळ ३७ मध्ये आणि पिशवी ४२ मध्ये. खाजगी वापरासाठी टपालाने किंवा कुरियरने आलेल्या मालासाठी ९८ व्या प्रकरणात आणखी एक स्वतंत्र शीर्षक आहेच. तेव्हा पाकिटावर 'फोटोग्राफीचे सामान' असे मोघम लिहून आले की अधिकारी ते कोणत्या ओळीत बसवील, हे त्याच्यावर राहते. पावतीवर प्रत्येक नग वेगळा, किमतीसह लिहिलेला असावा, तो याचसाठी. दर दरवर्षी अर्थसंकल्पात बदलतात. मागवण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहावा. डिजिटल कॅमेऱ्यावरचा वस्तू व सेवा कर आधी शेकडा २८ होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला, एवढ्यावरून फरक ध्यानात यावा.

या ओळींवरून भांडणे होतात तीही लहानसहान नव्हेत. माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ साली सामील झाला आणि डिजिटल स्थिरचित्र कॅमेऱ्यांना त्यात शुल्कमाफी मिळाली. पण हेच कॅमेरे पुढे चलच्चित्रेही घेऊ लागले. मग त्यांना स्थिरचित्राचा कॅमेरा म्हणावे की व्हिडिओचा? सरकारने २०१२ मध्ये व्याख्याच घालून दिली : ८०० गुणिले ६०० बिंदूंच्या प्रतीचे, सेकंदाला किमान २३ चौकटींचे चित्रण सलग ३० मिनिटे करू शकणारा कॅमेरा माफीला पात्र नाही. युरोपातही अशीच ३० मिनिटांची रेघ होती. पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप का थांबत, याचे एक मोठे कारण हे. आपण मात्र यंत्र तापले असेल असे समजत बसतो!

त्याच व्याख्येवरून कॅनन इंडिया कंपनी आणि महसूल गुप्तचर संचालनालय यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गंमत अशी की, ९ मार्च २०२१ च्या निकालात प्रश्न कॅमेऱ्याचा राहिलाच नाही. नोटीस काढणारा अधिकारी कायद्याने 'योग्य अधिकारी' होता का, एवढ्यावरच कंपनी जिंकली. पुढे संसदेने कायदा दुरुस्त केला आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने फेरविचारात तो निकाल फिरवला.

आपल्या मराठी मुलखात परदेशी कॅमेरा मागवण्याचा इतिहास जुना आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडमधून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. त्या वेळच्या पौंडाला १५ रुपये या भावाने ते साधारण ३३० रुपये होतात. दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व इतर यंत्रे घेऊन आले. त्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. तेव्हा हिंदुस्थानातली सर्वसाधारण आयात जकात शेकडा ५ होती. ती १९१६ मध्ये साडेसात, १९२१ मध्ये ११ आणि १९२२ मध्ये १५ झाली. आमच्या हातखंब्याहून घाट चढून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला कोल्हापूर आहे. तिथल्या बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याच्या वाटेला न जाता स्वतःच कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. स्वातंत्र्यानंतर तर जकातीपेक्षा परवान्याची अडचण मोठी झाली. कितीतरी ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. त्याआधी गावात चांगला कॅमेरा दिसला तर तो आखातातून किंवा बोटीवरून आलेल्या कुणाच्या तरी पेटीतूनच, असे आमचे आजोबा सांगत.

पेटीचा हा मार्ग कोकणात अजूनही बिनतोड मानतात. "काका, येताना एक भिंग आणा," एवढे म्हटले की झाले! पण त्यालाही मर्यादा आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणू दिला. २०२६ च्या नियमांत ती रक्कम ७५,००० झाली. नवराबायकोच्या सवलती एकत्र करून एकच महाग वस्तू सोडवून घेता येत नाही. मर्यादेवरच्या किमतीला अधिभारासह शेकडा ३८.५ अशी आकारणी वर्षानुवर्षे होत आली आहे. म्हणजे मर्यादेच्या वर १५,००० गेले तर ५,७७५ रुपये. उलट बाजूही सांगतो. इथला कॅमेरा घेऊन परदेशी जाणाऱ्याने निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला घ्यावा. यंत्राचा क्रमांक त्यात लिहून देतात आणि परतताना आपल्याच कॅमेऱ्यावर शुल्क भरण्याचा प्रसंग टळतो. आखातात नोकरीला जाणाऱ्या आमच्याकडच्या किती मुलांना हे कुणी सांगते?

"भेट म्हणून पाठवा" ही तिसरी युक्ती फार लोकप्रिय. तिच्यात आता दम राहिलेला नाही. डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल-कुरियरने भेट म्हणून शुल्कमाफीत येणाऱ्या मालाला बंदी झाली. जीवरक्षक औषधे आणि राख्या तेवढ्या वगळल्या. पूर्ण शुल्क भरून भेट खुशाल मागवावी. किंमत कमी लिहून आणणे हा तर सरळ गुन्हा आहे. माल जप्त होतो आणि वर दंडही बसतो.

आता कुरियर. मामेभावाचा खरा राग याच रकमेवर होता, आणि तो मला निम्मा पटतो. कंपनी आपल्या वतीने शुल्क आधी भरते आणि त्या उसनवारीची फी लावते. बहुधा शुल्काचा ठराविक टक्का किंवा ठराविक किमान रक्कम, यांतले जे जास्त ते. या फीवरही शेकडा १८ वस्तू व सेवा कर. कागदपत्रे उशिरा दिली तर गोदामाचे भाडे वेगळे. शुल्क सरकारचे असते, ही फी कंपनीची. हिशेबात दोन्ही शेजारी शेजारी छापतात म्हणून ती एकच वाटते. पार्सल लहान असेल तर किमान रकमेच्या अटीमुळे फी फार जाचते. दोनशे रुपयांच्या झाकणासाठी हा खटाटोप करू नये. टपालाने मागवल्यास काम संथ चालते, पण खर्च सहसा कमी येतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र मागवूच नयेत. २०१६ पासून त्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्याला आंतरराष्ट्रीय मनाई आहे.

माल सदोष निघाला तर? सीमाशुल्क कायद्याचे २६अ हे कलम शुल्क परत मिळण्याची सोय करते. वस्तू वापरलेली नसावी, दोष सिद्ध व्हावा आणि माल सोडवल्यापासून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत तो परत पाठवावा, अशा अटी आहेत. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलेली वस्तू तीन वर्षांत परत आणली तर पूर्ण किमतीवर नव्हे, दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचे भाडे एवढ्यावरच शुल्क लागते. पाठवताना त्या वस्तूच्या क्रमांकाची नोंद कागदावर झालेली हवी.

मामेभावाने शेवटी सगळी रक्कम भरली आणि पहिल्या लग्नाच्या तीन दिवस आधी भिंग हाती आले. भिंग उत्तम आहे. सर्व खर्च धरून ते रत्नागिरीतल्या नव्या भिंगापेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्त पडले. मात्र दुकानातल्या भिंगाला हमी होती, याला नाही. पुढचे भिंग तो कुठून घेणार, हे त्याने अजून ठरवलेले नाही.