गोंधळ आणि हैदोस

पोरे आरडाओरड करू लागली, की आपण म्हणतो, "काय गोंधळ लावलाय रे!" वरातीत कुणी पिऊन नाचला, तर म्हणतो, "यानं हैदोस घातला." हे शब्द कुठून आले, ते आज पाहू.

गोंधळ हा मुळात देवीचा विधी. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. शेजारी तुळजापूरची भवानी, तिकडे माहूरची रेणुका. लग्न झाले, की पुष्कळ घरी कुलदेवीचा गोंधळ घालतात. चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटवतात. गोंधळी संबळ व तुणतुणे वाजवून एकेका देवाला नाव घेऊन बोलावतो. मग कथा लावतो. ती रात्रभर चालते. लांबून ऐकणाऱ्याला नुसता गलबलाच ऐकू येणार! म्हणून लोक गलबल्यालाही गोंधळ म्हणू लागले. पण खऱ्या गोंधळात सगळे क्रमाने चालते, बरे का! कोणत्या देवाला आधी बोलवायचे, कोणाला मागून, हे गोंधळ्याला तोंडपाठ लागते.

हैदोस तर शोकाचा शब्द. पैगंबरांचे नातू हुसेन सन 680 मध्ये करबला येथे मारले गेले. त्यांच्यासाठी मोहरमात शोक करतात. ताबुतापुढे 'हाय दोस्त' अशी हाक देत. हाय म्हणजे अरेरे, दोस्त म्हणजे मित्र. त्या हाकेचा हैदोस झाला. ज्यांना अर्थ कळला नाही, त्यांनी तो दंग्याला लावला. इंग्रज शिपायांचेही तेच झाले. 'या हसन, या हुसेन' ही हाक त्यांना 'हॉब्सन-जॉब्सन' अशी ऐकू आली! 1886 साली याच नावाचा एक जाडजूड शब्दकोश लंडनला निघाला.

आपल्याकडे कितीतरी गावांत हिंदू घरेही मोहरमाला सवारीपुढे नारळ फोडतात. तिथल्या गर्दीला कुणी 'हैदोस' म्हटले, तर आम्हाला ते बरे वाटत नाही. दुसऱ्याच्या रडण्याला दंगा म्हटल्यासारखे होते ते.

धांगडधिंग्यात मात्र देव नाही, शोकही नाही. शब्द उच्चारला, की ढोल वाजल्यासारखा वाटतो, एवढेच.

आता धिंड. गाढवावर बसवून फिरवणे म्हणजे धिंड, मोठी बेअब्रू. पण केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयालाच गाढवावर बसवतात. गळ्यात पायताणांची माळ घालून, रंग उधळीत गावभर फिरवतात. शेवटी त्याला नवे कपडे देतात. म्हणून गावकरी तिला धिंड म्हणत नाहीत. ती जावयाची मिरवणूक!